फिडलची खाजगी शिकवणी, 9 महिन्यांनंतर: सगळे नियम पटले, एक सोडून

सोमवारी संध्याकाळी 6 वाजून 5 मिनिटांनी माझ्या फिडलची, म्हणजे लोकसंगीताच्या रीतीने वाजवायच्या व्हायोलिनची, ई तार तुटली. 6 वाजून 20 मिनिटांनी मी मॅडमना मेसेज टाकला, "तार तुटली, जवळ दुसरी नाही, उद्या येत नाही." माझा क्लास मंगळवारी सहाला असतो. म्हणजे मी 23 तास 40 मिनिटं आधी कळवलं. नियम 24 तासांचा आहे. उत्तर आलं, "क्लास धरला जाईल, बदली मिळणार नाही. शक्य असेल तर तीन तारांवर या." मी गेले नाही. फी भरलेली होती, ती गेली.

गेले कित्येक आठवडे हेच डोक्यात आहे. अनुभव लिहायला त्याच दिवशी बसले होते. पूर्ण आता करते आहे, आणि मधल्या काळात माझं मत बरंच हललं आहे.

खाजगी शिकवणीचे नियम साधारण सारखेच असतात, ते सगळे इथे उगाळत नाही. महिन्याची फी आगाऊ, महिन्याला 4 क्लास, प्रत्येकी 30 मिनिटं, सोडायचं असेल तर महिनाभर आधी लेखी कळवायचं, उशीर झाला तर गेलेली मिनिटं परत नाहीत. दोन पानी कागद पहिल्याच दिवशी हातात आला, मी सही केली. पहिलं पान नीट वाचलं होतं. दुसरं वरवर चाळलं, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

तारेबद्दल आधी. जी, डी, ए, ई या चार तारांत ई सगळ्यात बारीक आणि सगळ्यात ताणलेली. ए तार 440 हर्ट्झला लावली की ई जवळपास 659 वर जाते. ती बहुतेक वेळा मानेच्या वरच्या टोकाच्या खाचेत नाहीतर खुंटीपाशी तुटते. सुटी ई तार वेगळी विकत मिळते, पूर्ण संच घ्यावा लागत नाही. पेटीत एक जादा ई ठेवा, असं त्या कागदाच्या दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. ते मी वाचलं असतं तर हा सगळा वाद झालाच नसता, हे मान्य. तरीही माझी तक्रार तार तुटण्याबद्दल नाही, 24 तासांबद्दल आहे. तार काही ठरवून तुटत नाही. तुटल्यावर 15 मिनिटांत मी कळवलं. याहून लवकर कोण कळवणार?

मी हिशेबाची वही ठेवते. 9 महिन्यांत 36 क्लासची फी भरली. त्या 9 महिन्यांत मंगळवार मात्र 39 आले, म्हणजे तीन महिन्यांत पाचवा मंगळवार होता. मॅडमनी स्वतः दोन क्लास रद्द केले, एकदा नाचाच्या कार्यक्रमाला वाजवायचं होतं म्हणून, एकदा तब्येतीमुळे. ते दोन्ही पाचव्या मंगळवारी भरून दिले. मग तिसरा पाचवा मंगळवार रिकामा राहिला की नाही? तो मला द्यायला काय हरकत होती? मी हे त्यांना तोंडावर विचारलं.

उत्तर त्यांनी शांतपणे दिलं. त्यांच्याकडे 22 विद्यार्थी आहेत. एकीला तार तुटली म्हणून दिला, तर दुसऱ्याला परीक्षा आहे म्हणून, तिसऱ्याला पाहुणे आले म्हणून द्यावा लागेल. रद्द झालेला अर्धा तास दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, तो तसाच वाया जातो, आणि बदली द्यायची तर त्यांचा आणखी एक अर्धा तास जातो. म्हणजे एका क्लासच्या फीत दोन क्लासची वेळ. ऐकून मी गप्प झाले. वहीच्या भाषेत सांगितलेलं मला लगेच कळतं.

पण 24 हा आकडा का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. 24 तासांत ती वेळ दुसऱ्याला देता येते आणि 23 तास 40 मिनिटांत येत नाही, असं होत नाही. आदल्या दिवशी रात्री नऊपर्यंत कळवा, असं म्हटलं तर सगळ्यांना सोपं जाईल, घड्याळावरून भांडण होणार नाही. मी हे लेखी दिलं आहे.

आता मत कसं बदललं ते. तार तुटल्यावर मी चिडून पूर्ण नवा संच आणला आणि घरी चारही तारा एकदम सैल करून काढल्या. हे कोणीही करू नका. फिडलची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबावर उभी असते. ती पडली, आणि आतला साउंडपोस्टही पडला. तोही नुसता दोन फळ्यांमध्ये अडकवून उभा केलेला लाकडी दांडू असतो. घोडी मी उभी केली असती, पण तो पुन्हा जागेवर बसवायला कारागिराकडेच जावं लागतं. तारा एकेक करून बदलायच्या, हेसुद्धा दुसऱ्या पानावर होतं.

या वेळी मला वाद्याविना चार दिवस काढायचे होते आणि मध्ये मंगळवार येत होता. आणखी एक क्लास घालवणं माझ्या जिवावर आलं, म्हणून नुसता गज (बो) घेऊन गेले. मॅडमनी खांद्यावर कागदाची जाड नळी धरायला लावली आणि तिच्यातून गज सरळ आत-बाहेर करायला सांगितलं. लांब, आखूड-आखूड, लांब, आखूड-आखूड. पायाने ठेका. मग एका रीलचा, म्हणजे नाचाच्या एका प्रकारच्या चालीचा, दुसरा भाग दोन-दोन मात्रागटांनी (बारनी) गुणगुणून घेतला, बोटांशिवाय, नुसत्या गळ्याने. रीलमध्ये 8 मात्रागटांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, एकूण 32. नाचाच्या चालीत ती साधारण 35 सेकंदांत संपते, पण बसवायला मला तीन-तीन आठवडे लागायचे. ही एका आठवड्यात बसली. वाद्य दुरुस्त होऊन हातात आलं तेव्हा सूर आधीच डोक्यात होता, बोटं फक्त त्याच्यामागे गेली. 36 पैकी हा माझा सगळ्यात चांगला क्लास.

तीन तारांवर या, असं त्या म्हणाल्या होत्या त्याचा अर्थ मला तेव्हा समजला. रीलचा पहिला भाग तर फक्त डी आणि ए या तारांवरच आहे.

मग घरी येऊन दुसरं पान शांतपणे वाचलं. त्यात एक कलम आहे ज्याची मी इथे मनापासून शिफारस करते: येता आलं नाही तर आपण वाजवलेलं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण क्लासच्या वेळेआधी पाठवायचं, शिक्षिका त्याच अर्ध्या तासात ते ऐकून उत्तराचा व्हिडिओ करून पाठवतात. पुढे मला ताप आला तेव्हा मी आदल्या आठवड्याचं जुनं ध्वनिमुद्रण पाठवलं. 11 मिनिटांचा व्हिडिओ आला. गज घोडीकडे घसरतो आहे, हे त्यात थांबवून दाखवलं होतं. तो मी वीसेक वेळा पाहिला असेल. समोरासमोरच्या क्लासमधली सूचना एकदाच ऐकू येते.

क्लासचं ध्वनिमुद्रण करायला परवानगी हे दुसरं उत्तम कलम. फिडलमध्ये हे फार मोलाचं आहे, कारण इथे कानाने शिकायचं असतं. छापील स्वरलिपी आहे, नाही असं नाही. फ्रान्सिस ओ'नील यांच्या 1903 सालच्या आयरिश संग्रहात 1,850 चाली आहेत. पण कागदावर येतो तो चालीचा सांगाडा. कुठले सूर एकाच गजात बांधायचे, कुठला सूर किंचित उचलायचा, हे शिक्षकाच्या हातातूनच घ्यावं लागतं. वाद्य व्हायोलिनच असतं, वाजवण्याची रीत वेगळी. ज्या शिकवणीत ध्वनिमुद्रणाला मनाई असेल तिथे मी फिडल शिकायला जाणार नाही.

वाद्य लावून, पाच मिनिटं आधी या, या नियमावर मी सुरुवातीला नाराज होते. वही काढून पाहिली तर पहिल्या दोन महिन्यांत 8 क्लासमध्ये दर वेळी सहाएक मिनिटं मॅडम माझ्या खुंट्या पिळत होत्या. 48 मिनिटं. तुटलेल्या तारेपायी 30 गेली, इथे त्याहून जास्त गेली आणि मी त्याबद्दल कधी भांडले नाही. आता सूर दाखवणारा क्लिपचा ट्यूनर लावून, फाइन ट्यूनरने (तारेच्या खालच्या टोकाच्या छोट्या स्क्रूने) ई सावकाश चढवून जाते. मिनिटभरही लागत नाही.

शेवटचा हिशेब: 36 पैकी 34 समोरासमोर, 1 व्हिडिओवर, 1 गेला.

मागच्या आठवड्यात नवीन सत्राचा कागद आला. 24 तास तसेच आहेत. पण खाली नवी ओळ आहे: ज्यांना आपापसात वेळ बदलून घ्यायची आहे त्यांनी यादीत नाव द्यावं, अदलाबदल विद्यार्थ्यांनी परस्पर ठरवून फक्त कळवावी. मी दोन्ही पानं वाचली, सही केली, यादीत पहिलं नाव माझं आहे. 24 च्या आकड्याखाली पेन्सिलीने "रात्री 9?" असं लिहून कागद परत दिला आहे. पेटीत आता दोन ई तारा आहेत.