इंग्रजी दुरुस्त करायला गेले होते : ऑथरएडच्या संशोधनलेखनाच्या कोर्सचा अनुभव

मी सिंधुदुर्गातल्या एका लहान कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझं काम सड्यावरचं, म्हणजे कोकणातल्या कातळपठारावरचं. पावसात जांभ्याच्या उघड्या कातळावर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही रोपं उगवतात आणि पाऊस सरता सरता बी टाकून नाहीशी होतात. चिरेखाणी आणि कलमांच्या बागा सडे खात चालल्यात, म्हणून तीन पावसाळे नोंदी केल्या आणि पेपर लिहिला. तो दोनदा परत आला. दुसऱ्यांदा संपादकांची एकच ओळ होती: भाषा तपासून घ्या.

मग सगळे करतात तेच केलं. 'पब्लिकेशन सपोर्ट' देणाऱ्या एका एजन्सीला आठ हजार रुपये मोजले. त्यांनी 'यूज्ड' होतं तिथे तिथे 'युटिलाइज्ड' केलं, बाकी मजकूर जसाच्या तसा. वर फोन, की मॅडम, अजून थोडे भरा, पंधरा दिवसांत छापून आणतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2018च्या मे महिन्यात आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून निकषांत न बसणारी 4,305 जर्नलं एका फटक्यात काढली होती, त्यामुळे ही पंधरा दिवसांची जादू कसली असते ते कळत होतं. फोन ठेवला.

ऑथरएडचं नाव एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं. ब्रिटनमधली इनास्प ही संस्था 1992 पासून गरीब आणि विकसनशील देशांतल्या संशोधनासाठी काम करते. ऑथरएड हा तिचाच 2007 साली सुरू झालेला उपक्रम. फुकट. मी 2019 साली त्यांचा संशोधनलेखनाचा ऑनलाइन कोर्स केला. मूडल या ऑनलाइन शिकवणीच्या प्रणालीवर चालतो, काही आठवड्यांचा असतो. भर वाचण्यावर, त्यामुळे आमच्याकडच्या पावसाळी नेटवरसुद्धा पानं उघडत. मी रात्री साडेदहानंतर, भांडी आवरून, बसायचे.

धडे चांगले आहेत, पण त्यात अद्भुत काही नाही. पेपरची रचना, संदर्भ कसे द्यायचे, वाङ्मयचौर्य कशाला म्हणतात, जर्नल कसं निवडायचं. हे कुठल्याही बऱ्या पुस्तकात सापडेल. खरी कमाई आहे ती एकमेकांचं लेखन तपासण्यात. आपण आपल्या कामावर छोटा मजकूर लिहायचा, आणि तो कोर्समधल्याच दुसऱ्या कोणीतरी दिलेल्या निकषांवर तपासायचा.

माझ्या मजकुराची सुरुवात 'पश्चिम घाट हा जगातल्या जैवविविधतेच्या हॉटस्पॉटपैकी एक आहे' अशी. आपल्याकडचा वनस्पतिशास्त्राचा एकही पेपर या वाक्याशिवाय सुरू होत नाही, गणपतीशिवाय कार्य सुरू होत नाही तसा. माझा मजकूर गेला इथिओपियातल्या एका कृषी संशोधकाकडे. त्याने इंग्रजीबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन गोष्टी लिहिल्या. पहिल्या चार ओळींत तुमचं असं काहीच नाही. आणि त्या खडकावर माती किती असते?

माती! मी कपाळावर हात मारला. मोजली होती की. वहीत सड्यावर आखलेल्या प्रत्येक चौकटीपुढे सेंटिमीटरमध्ये आकडा होता, बहुतेक ठिकाणी चारच्या आत. पण पेपरात एक अक्षर नव्हतं, कारण सड्यावर माती बोटभरच असते हे आमच्याकडे गुरं चारणाऱ्या पोरालाही ठाऊक. जे मला सांगण्यासारखं वाटलंच नाही, तेच परक्या माणसाला पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. मातीच्या जाडीचा तक्ता आता पेपरच्या मध्यभागी आहे आणि हॉटस्पॉटचं वाक्य गेलं. तिसऱ्या जर्नलने परीक्षकांकडे पाठवला, दोन फेऱ्या झाल्या, छापून आला. इंग्रजी अजून माझंच आहे, ओबडधोबड.

याशिवाय मार्गदर्शक मिळवायची सोय आहे. अनुभवी संशोधक स्वेच्छेने नाव नोंदवतात, आपण विषय बघून विचारायचं आणि काय मदत हवी ते आधी ठरवून घ्यायचं. मी ती वापरली नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

कोणी करू नये? पुढच्या महिन्यात प्रमोशनची फाइल द्यायची आहे म्हणून पेपर हवा असेल, तर वेळ वाया जाईल. मराठीत काही मिळणार नाही. छपाईचे पैसेही कोर्सवाले भरत नाहीत. मोठे प्रकाशक गरीब देशांना शुल्क माफ करतात, पण आपला देश बहुधा त्या यादीत नसतो. जर्नलं वाचायला मिळण्याची अडचण 2025 पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेने सरकारी संस्थांपुरती बरीच हलकी केली आहे. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी मंजूर झालेत. लिहायला मात्र आपलं आपणच बसावं लागतं.

नाव घालण्याआधी कोर्स कधी आहे ते बघा, तारखा ठरलेल्या असतात. आणि मजकूर तपासायला द्याल तेव्हा क्षेत्रकामाची वही शेजारी उघडी ठेवा.