टेक्स्टबॉक्सवरचा राइट-क्लिक मेन्यू: काही महिन्यांच्या वापरानंतर

डेटा एंट्रीच्या विंडोज फॉर्म्स (डॉटनेटमध्ये विंडोजचे डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहायची पद्धत) ॲप्लिकेशनमध्ये बहुतेक टेक्स्टबॉक्सना, म्हणजे मजकूर टाइप करायच्या चौकटींना, आम्ही स्वतःचा कॉन्टेक्स्टमेन्यूस्ट्रिप, म्हणजे राइट-क्लिकला उघडणारा मेन्यू, जोडलाय. काही महिने तो रोज वापरात आहे. समाधानी आहे, पण हे प्रकरण दिसतं तितकं स्वस्त नाही.

टेक्स्टबॉक्सच्या कॉन्टेक्स्टमेन्यूस्ट्रिप प्रॉपर्टीत असा मेन्यू दिला की विंडोजचा आयता मेन्यू गायब होतो. अनडू, कट, कॉपी, पेस्ट, डिलीट, सिलेक्ट ऑल सगळं आपणच लिहायचं. कोड एकेका ओळीचा. डोकेदुखी असते ती कुठला पर्याय कधी फिका दिसावा याची. त्यासाठी मेन्यू उघडण्याआधी येणाऱ्या ओपनिंग इव्हेंटमध्ये कॅनअनडू (अनडू करता येईल का), सिलेक्शनलेंग्थ (किती अक्षरं निवडलीत), रीडओन्ली (बॉक्स फक्त वाचण्यापुरता आहे का) आणि क्लिपबोर्डवर मजकूर आहे का, एवढं तपासावं लागतं.

डिलीटने मात्र छळलं. सिलेक्टेडटेक्स्टला (निवडलेला मजकूर) रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, दिली की मजकूर जातो, पण सोबत अनडूही पुसलं जातं. टेक्स्टबॉक्सच्या पेस्ट मेथडला स्ट्रिंग देता येते आणि ती अनडूला हात लावत नाही. तेव्हा पुसायचं तरी रिकामी स्ट्रिंग देऊन पेस्टच वापरायचं! तारीख किंवा ठरावीक वाक्य घालणारे पर्यायही आता तसेच चालतात. पासवर्डच्या बॉक्सवर कॉपी ठेवूच नका. सिलेक्टेडटेक्स्ट उचलून क्लिपबोर्डवर टाकणारा कोड असेल, तर ठिपक्यांमागचा खरा पासवर्ड बाहेर पडतो.

मेन्यू आयत्या वेळी भरत असाल तर एक खोच आहे. स्ट्रिप रिकामा असेल तर ओपनिंगमध्ये कॅन्सल (मेन्यू उघडणं रद्द करायचं का) आधीच ट्रू असतं. पर्याय भरल्यावर ते फॉल्स केलं नाही, तर पहिला क्लिक वाया जातो आणि दुसऱ्या क्लिकला मेन्यू मुकाट उघडतो. असला बग शोधायला माणूस चिकाटीचा हवा.

माउसअपमध्ये (माउसचं बटण सोडल्यावर येणारा इव्हेंट) उजवं बटण पकडून मेन्यू दाखवणारी उदाहरणं अजून सर्रास दिसतात. त्यात आपल्या मेन्यूसोबत मूळ मेन्यूही डोकावतो, शिवाय शिफ्ट-एफ१० किंवा मेन्यूची कळ दाबणाऱ्याला आपला मेन्यू मिळतच नाही. आमच्याकडे माउसला हात न लावणारे बरेच जण आहेत. ओपनिंग इव्हेंट माउस आणि कीबोर्ड दोन्हीकडून येतो आणि स्ट्रिपची सोर्सकंट्रोल प्रॉपर्टी मेन्यू कुठल्या बॉक्सवर उघडला तेही सांगते, म्हणून एकच स्ट्रिप सगळ्यांना पुरतो.

नुसता मूळ मेन्यू घालवायचा असेल तर टेक्स्टबॉक्सची शॉर्टकट्सएनेबल्ड प्रॉपर्टी फॉल्स करू नका, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्हीसुद्धा बंद पडतात. रिकामा स्ट्रिप जोडला की काम होतं.