‘हेड जळले’ सांगून आमचीच टेप ड्राइव्ह आम्हाला विकली

फोंड्यातील आमच्या छापखान्याच्या जुन्या पुस्तकांची पाने डीडीएस-३ टेपवर (संगणकाची माहिती साठवणाऱ्या चुंबकीय फितीच्या छोट्या कॅसेटवर) आहेत आणि ती वाचण्यासाठी जुना संगणक, स्कझी कार्ड (अशी उपकरणे संगणकाला जोडण्याच्या जुन्या पद्धतीचे कार्ड) व बाहेरून जोडायची टेप ड्राइव्ह आम्ही आजही चालती ठेवली आहे. गेल्या पावसाळ्यात बॅकअप मध्येच अडकू लागला. टेप पुढे-मागे होत राही आणि शेवटी पडद्यावर ‘टाइमआउट’ उमटे. दुरुस्तीस आलेल्या माणसाने केबल काढून पुन्हा जोडली, त्यानंतर तर संगणकाला ड्राइव्ह धड दिसेनाच. ‘हेड जळलंय. ही १२ जीबीची घेऊन जातो, २४ जीबीची देतो,’ असे सांगून त्याने ८,५०० रुपये घेतले. (हेड म्हणजे ड्राइव्हमधला टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग.)

नवी ड्राइव्ह सुरळीत चालली, परंतु टेप पूर्वीइतक्याच फाइलींवर भरू लागली. डीडीएस-३ ची १२५ मीटरची टेप मुळात १२ जीबीचीच असते. २४ हा आकडा माहिती आवळून निम्मी होईल असे गृहीत धरून छापलेला असतो, आणि छायाचित्रे तर आधीच आवळलेली असतात. शंका येऊन डबा उघडला. डबा व दर्शनी पट्टी नवी होती, मात्र आतल्या ड्राइव्हवर मूळ बिलातलाच अनुक्रमांक होता आणि पत्र्याच्या कडेला आमच्या मशीनमनच्या बोटाची निळी शाईसुद्धा तशीच होती.

त्याने केले ते एवढेच. स्कझीच्या साखळीला, म्हणजे कार्ड, केबल व जोडलेली उपकरणे यांच्या माळेला, दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागतो; तो संकेत टोकावरून उलटे फिरू देत नाही, आणि तो नसला की ड्राइव्ह धड दिसत नाही. एका टोकाचा कार्डातच असतो, दुसरा डब्याच्या मागे खोचलेला छोटा ठोकळा, तो त्याने काढून खिशात घातला. मूळ बिघाड बहुधा मळलेल्या हेडचा होता: लिहिलेले नीट उमटले नाही की ड्राइव्ह पुन्हा पुन्हा लिहीत बसते, आणि वाट पाहणारा प्रोग्राम मुदत संपताच माघार घेतो. आमची सफाईची टेप वापरून संपलेली होती; अशी टेप सुमारे ५० वेळाच चालते. त्याने बहुधा हेड पुसले, ठोकळा परत लावला आणि पैसे घेतले.

तेव्हा सफाईची नवी टेप, टर्मिनेटर, केबल आणि आयडी क्रमांक (स्कझीवरच्या प्रत्येक उपकरणाचा वेगळा क्रमांक) स्वतः पाहिल्याशिवाय ड्राइव्ह कोणाच्या हाती देऊ नये. दिलीच तर आतल्या ड्राइव्हचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. आम्हाला त्याने बिल नाकारून साध्या कागदावर आकडा लिहून दिला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे त्याला सुनावल्यावर अर्धे पैसे परत आले. उरलेल्यांसाठी तक्रारीचा मसुदा तयार आहे.