ब्रेन मॅपिंग : छपाईला पाच तारे, बाकी एक

कोल्हापुरात माझा छापखाना आहे, २६ वर्षं झाली. त्यामुळे ब्रेन मॅपिंगचा रिपोर्ट हातात पडल्यावर आधी कागदच चाचपला. १७० जीएसएमचा आर्टपेपर, स्पायरल बाइंडिंग, १४ पानं, चारही रंग जागच्या जागी. छपाई झकास. पुढे कौतुकाला फारशी जागा मिळणार नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

केंद्र पुण्यातलं. नाव लिहीत नाही, कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची ताकद नाही. दिवाळीनंतर माझं बिघडत गेलं होतं. पहाटे तीनला जाग यायची, मग छताकडे बघत पडून राहायचं. लग्नसराईच्या पत्रिका टेबलावर तशाच. प्रूफ तपासताना नवरीचं नाव तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरत नव्हतं. आईचं म्हणणं एकच, "काही झालेलं नाही, अंग चोरतोय." शेवटी मेहुण्यानं जाहिरात पाठवली, "डिप्रेशनचं स्कॅन, एका दिवसात रिपोर्ट", आणि बायको मला घेऊन गेली. साडेसात हजार रुपये.

स्कॅन म्हणजे एमआरआय असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तो नव्हताच. पोहण्याच्या टोपीसारखी एक टोपी डोक्यावर चढवली, १९ ठिकाणी गारेगार जेल भरलं आणि वायरी जोडल्या. साधा ईईजी, म्हणजे मेंदूतली बारीक वीज डोक्यावरून टिपायची तपासणी, फक्त पुढचा हिशेब कॉम्प्युटर करणार. डोळे मिटा, डोळे उघडा, दात आवळू नका. वीसेक मिनिटांत संपलं. टेक्निशियन मुलगी फार चांगली होती, माझा पाय हलत होता तरी एकदाही वैतागली नाही. जेल निघायला मात्र दोनदा शाम्पू लागला.

मग केबिनमध्ये एका साहेबांनी पान उघडलं. वरून बघितल्यासारखी गोल गोल डोकी, निळी-हिरवी, आणि एकावर कपाळापाशी लाल ठिपका. त्यांनी पेनानं त्यावर टकटक केलं, "हे बघा, हे तुमचं डिप्रेशन." सात मिनिटांत आम्ही बाहेर. झोप कशी आहे, जेवण जातं का, जिवाचं बरंवाईट मनात येतं का, एकानंही विचारलं नाही. २० सिटिंगचं पॅकेज मात्र हातात ठेवलं, ४५ हजारांचं.

परतीच्या एसटीत ते पान बघत होतो. खाली कोपऱ्यात बारीक पट्टी होती, निळ्यापासून लालपर्यंत. आणि एकदम लक्षात आलं, अरे, हा तर आपलाच धंदा! मेंदूतून रंग येत नाही. येतात ते आकडे, आणि रंग नंतर कोणीतरी भरतो. कुठल्या आकड्यापासून लाल सुरू करायचा हेही कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. आंब्याच्या फ्लेक्सवर मी मॅजेंटा जरासा चढवतो, की कच्चा हापूससुद्धा पिकतो. गिऱ्हाईक खूश, आंबा जिथल्या तिथे.

पॅकेज घेतलं नाही. आठवड्यानं इथल्याच एका मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पाऊण तास नुसतं विचारत राहिले. जीव द्यावासा वाटतो का, हेसुद्धा सरळ विचारलं. बायको रडली, मला मात्र उलट हलकं वाटलं. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला पाठवलं. फिट आली असती किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली असती, तर मेंदूत गाठबीठ आहे का बघायला एमआरआय लिहून दिला असता, म्हणाले. डिप्रेशन चित्रात बघून ठरवता येत नाही, ते माणसाशी बोलूनच ठरवावं लागतं.

मग त्यांनी माशाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत काही संशोधकांनी मेलेला सामन मासा एमआरआय मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसांच्या मनात काय चाललंय असं विचारलं. हजारो ठिपके एकाच वेळी तपासले की काही नुसत्या योगायोगानंही पेटलेले दिसतात, त्यासाठी जी दुरुस्ती करावी लागते ती न करता हिशेब केला, तर माशाच्या मेंदूत हालचाल दिसली! हे २००९ मधलं. २०१२ मध्ये त्यांना इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. मी हसलो. बायको म्हणाली, "दोन महिन्यांनी हसलात, तेही मेलेल्या माशामुळे."

मुलगी बी.एस्सी.ला आहे, तिनं पुढचं वाचून सांगितलं. २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला, डिप्रेशनचे १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसं. हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग रुग्णांमध्ये सरासरी १.२४ टक्के लहान निघाला. सव्वा टक्का! दोन गठ्ठे तराजूत टाकले तर फरक कळेल, पण एक सुटा कागद उचलून तो कुठल्या गठ्ठ्यातला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि मला विकला गेला तो नेमका सुटा कागद.

संशोधन वाया गेलं असं मात्र मी म्हणत नाही. हेलन मेबर्ग नावाच्या डॉक्टरबाईंनी वर्षानुवर्षं अशीच चित्रं काढून, खोल उदासीत मेंदूचा 'एरिया २५' नावाचा भाग जास्त पेटलेला दिसतो हे दाखवलं. २००५ मध्ये टोरोंटोच्या चमूनं, कशालाच दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या त्या जागी बारीक तारा बसवून वीज सोडली, तर चौघांना चांगला फरक पडला. चित्र असं वापरलं तर मला काही म्हणायचं नाही.

गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले. प्रूफ वाचता येतंय.

आता एक कबुली. त्या रिपोर्टनं एक काम केलंच, जे डॉक्टरांच्या चिठ्ठीनं झालं नसतं. आईनं चष्मा लावून ते पान बघितलं, लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एवढं तापलंय होय रे डोकं?" त्यानंतर अंग चोरतोय हा शब्द घरात ऐकला नाही. रोज रात्री ती नेमकी त्या जागी खोबरेल तेल चोळते, डाव्या बाजूला. चित्रातली डावी बाजू माझी डावी की बघणाऱ्याची, हे १४ पानांत कुठेच छापलेलं नाही.