ब्लॅकआउट पडदे: कापड उत्तम, रिंगा नडतात

तीन थरांचं विणलेलं कापड, मधला थर काळ्या धाग्याचा. मागे रबरी लेप नाही, त्यामुळे घडीवर भेगा पडत नाहीत आणि चुण्या सुरेख पडतात. झोपायच्या खोलीला हेच हवं. भर दुपारीही छान अंधार होतो. वरच्या स्टीलच्या रिंगांमधून मात्र उजेडाची रेघ छतावर उमटतेच. दांडी चौकटीच्या 15 सेंमी वर आणि दोन्ही बाजूंना 20 सेंमी पुढे नेली की ती बरीच कमी होते. कापडाची रुंदी दांडीच्या दुप्पट घ्या, दीडपटीत पडदा ताणलेला दिसतो. फिकट रंगातून थोडा उजेड येतो, म्हणून गडद राखाडी घ्यावा. गार पाण्यात धुवा, पिळू नका. रस्त्यावरचा आवाज याने फारसा अडत नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.