प्रेशर वॉशर घेताना होणारी फसवणूक: बार आणि लिटर एकाच वेळी मोजा

प्रेशर वॉशिंगच्या, म्हणजे दाबाच्या पाण्याने सफाई करण्याच्या धंद्यात उतरणारा माणूस बहुधा पहिल्याच खरेदीत फसतो, आणि फसवण्याची पद्धत जवळपास ठरलेली असते. मशीनवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: २५० बार (पाण्याचा दाब), १५ लिटर प्रति मिनिट, सिंगल फेज. विकणारा दोन्ही गोष्टी दाखवूनही देतो. गेजचा काटा २५० वर चढतो, पाइपमधून पाणी धो धो वाहतं, खात्री पटते आणि पैसे दिले जातात. मग पहिल्या मोठ्या कामावर शेवाळलेलं काँक्रीट साफ करायला अंदाजाच्या दुप्पट वेळ जातो. थोड्याच दिवसांत मोटर तापून बंद पडू लागते, आणि तक्रार केली की उत्तर येतं, ‘तुम्ही मशीन नीट वापरलं नाही.’

दाखवलेले दोन्ही आकडे मशीनने खरंच दाखवलेले असतात, पण एकाच वेळी नाही. सगळी लबाडी इथेच आहे आणि ती कागदावरच पकडता येते.

दाब बारमध्ये घ्या, प्रवाह लिटर प्रति मिनिटमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करून ६०० ने भागा. पाण्याला किती किलोवॉट शक्ती द्यावी लागेल ते कळतं. २५० गुणिले १५ म्हणजे ३७५०, भागिले ६०० म्हणजे ६.२५ किलोवॉट. पंपात थोडी शक्ती वाया जातेच. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मोटरने शाफ्टवर (पंप फिरवणाऱ्या दांड्यावर) साधारण ७.३५ किलोवॉट द्यायला हवेत. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटमधून फार तर ३.७ किलोवॉट ओढता येतात, आणि त्यातलाही काही भाग मोटरच्या उष्णतेत जातो. त्यामुळे साध्या सॉकेटवर चालणारं ‘२५० बार, १५ लिटर’ हे मशीन असूच शकत नाही.

आता उलट बाजूने मोजा. मोटरच्या प्लेटवर २.२ किलोवॉट लिहिलं असेल तर २.२ × ०.८५ × ६०० = ११२२. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार या आकड्याच्या वर सतत राहू शकत नाही. म्हणजे ८ लिटरला १४० बार, किंवा ११ लिटरला जेमतेम १००. मोटरची प्लेटच नसेल, किंवा तिच्यावर फक्त ‘कमाल वॉट’ असेल, तर सौदा तिथेच थांबवा. मोटर सॉकेटमधून किती वॉट ओढते आणि शाफ्टवर किती देते हे दोन वेगळे आकडे आहेत. विकणारा नेहमी मोठा सांगतो. पेट्रोल इंजिनलाही हेच गणित लागू आहे, फक्त इंजिन दिवसभर पूर्ण ताकदीवर पळवायचं नसल्यामुळे एक चतुर्थांश तरी राखीव धरायचं. २०० बार आणि १५ लिटरसाठी शाफ्टवर ५.९ किलोवॉट लागतात, म्हणून इंजिन साधारण १० अश्वशक्तीचं हवं.

मग डेमोमध्ये काटा २५० वर जातो कसा? त्याचे दोन मार्ग आहेत. गनचा ट्रिगर सोडला की अनलोडर व्हॉल्व्ह पाणी बायपासला, म्हणजे पंपाकडे परत जाणाऱ्या वाटेला वळवतो आणि गनकडच्या पाइपात दाब अडकून राहतो. हा अडकलेला दाब चालू कामाच्या दाबापेक्षा जास्त असतो. गेज अनलोडरच्या पुढे, गनकडच्या बाजूला बसवलेलं असेल तर काटा नेमका तोच दाखवतो, आणि विकणारा ट्रिगर सोडून तुम्हाला काटा बघायला सांगतो. दुसरा मार्ग नोझलचा. भोक लहान केलं की दाब चढतो, आणि उरलेलं पाणी मागच्या मागे बायपासमध्ये फिरत राहतं. प्रवाह दाखवायची वेळ आली की नोझल काढून ठेवतात. नळाचं पाणी स्वतःच्या दाबाने पंपाच्या व्हॉल्व्हमधून पुढे ढकललं जातं आणि पंपाच्या कुवतीपेक्षा जास्त पाणी बाहेर येतं. यातलं काहीच कामाच्या उपयोगाचं नाही.

म्हणून नोझलवरचा नंबर वाचा. ‘२५०५’ असेल तर पहिले दोन अंक फवाऱ्याचा कोन, २५ अंश, आणि शेवटचे दोन भोकाचा आकार. आकार ०४ म्हणजे ४००० पीएसआयला, म्हणजे सुमारे २७५ बारला, ४ अमेरिकन गॅलन प्रति मिनिट, साधारण १५ लिटर. दाब कमी असेल तर तेवढंच पाणी जायला भोक मोठं लागतं. २०० बारला १५ लिटर हवे असतील तर ०४५ (म्हणजे साडेचार) ते ०५, आणि १४० बारला ०५५. डेमोच्या मशीनवर ०३ चं नोझल असेल आणि काटा १४० दाखवत असेल, तर त्यातून ८ लिटरच जात आहेत, जाहिरातीत काहीही छापलेलं असो.

याहून पक्की परीक्षा ड्रमची. नळाची जोडणी काढायला लावा. १०० लिटरचा भरलेला ड्रम मशीनपेक्षा उंच ठेवा, सक्शन पाइप त्यातून घ्या आणि ड्रमवर २० लिटरच्या खुणा करा. ग्लिसरीन भरलेलं गेज गन आणि लान्स (गनपुढची लांब नळी) यांच्या मध्ये लावा, कामाला लागणारं नोझल बसवा आणि ट्रिगर सलग दाबून ठेवा. पातळी २० लिटरने उतरायला किती सेकंद लागले ते मोजा आणि त्याच वेळी काटा वाचा. १५ लिटरचं मशीन ८० सेकंद घेईल, ८ लिटरचं १५० सेकंद. बायपासचं पाणी मशीनच्या आतच फिरत असेल किंवा परत ड्रममध्ये येत असेल, तरी हे मोजमाप चुकत नाही, कारण ड्रममधून कमी झालेलं पाणी म्हणजे नोझलमधून गेलेलंच पाणी. या परीक्षेला जो विक्रेता तयार होत नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. परीक्षा किमान वीस मिनिटं चालवा, ड्रम पुन्हा भरत राहा. तापल्यावर बंद पडणारी मोटर पहिल्या पाच मिनिटांत सापडत नाही.

दुसरी फसवणूक पंपाची. फोटोत क्रँकशाफ्टचा ट्रिप्लेक्स पंप असतो, खोक्यातून वॉबल प्लेटचा निघतो. ट्रिप्लेक्समध्ये तीन सिरॅमिक प्लंजर (पाणी ढकलणारे दांडे) एका ओळीत असतात, खाली तेलाची टाकी आणि डिपस्टिक असते, हेड पितळेचं असतं आणि विजेच्या मशीनवर तो मिनिटाला साधारण १४५० फेऱ्यांवर चालतो. वॉबल प्लेटच्या पंपात तिरकी तबकडी गोलाकार मांडलेल्या प्लंजरना ढकलते, फेऱ्या २८०० ते ३४०० असतात आणि स्वस्त पंपाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. गाडी धुण्यापुरता तो ठीक आहे. धंद्यात रोज चार तास ट्रिगर दाबला जात असेल, तर त्याचं काहीशे तासांचं आयुष्य काही महिन्यांत संपतं, आणि बहुतेक पंप दुरुस्त करण्याऐवजी बदलावेच लागतात. ट्रिप्लेक्स सील आणि व्हॉल्व्ह बदलत काही हजार तास चालतो.

‘इटालियन पंप’ असं नुसतं स्टिकर असेल तर त्याला काही अर्थ नाही. इंटरपंप आणि ॲनोव्ही रेव्हर्बेरी या इटलीतल्या खऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या पंपावर मॉडेल नंबर व सिरीयल नंबर असतो. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यात फेऱ्या, लिटर आणि बार पाहा. पंप १४५० फेऱ्यांसाठी बनवलेला आणि मोटर २८०० ची, अशी जोडी दिसली तर तो पंप लवकरच सील फोडणार.

मोटर इंडक्शनची आहे की कार्बन ब्रशची, हे आवाज आणि वजन सांगतात. ब्रशची मोटर हलकी असते आणि कर्कश ओरडते. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचं वाइंडिंग बाहेरून दिसत नाही, म्हणून ‘तांब्याचं वाइंडिंग’ हे शब्द बिलावर लिहून घ्या. सोबत फुकट मिळणाऱ्या एक्स्टेन्शन केबलवर विश्वास ठेवू नका. १ चौरस मिलिमीटरच्या ३० मीटर तांब्याच्या केबलमध्ये १३ अँपिअरला सुमारे १४ व्होल्ट पडतात, २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये साडेपाच. तांब्याचा नुसता मुलामा असलेल्या तारेत घट आणखी वाढते. कमी व्होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते, जळते, आणि मग ‘व्होल्टेज कमी होतं’ या कारणाने वॉरंटी नाकारली जाते, ज्याला कारण त्यांचीच केबल असते.

वॉरंटीबद्दल एकच गोष्ट बघितली तरी पुरे. ‘व्यावसायिक वापरासाठी लागू नाही’ हे वाक्य बारीक अक्षरांत आहे का? बऱ्याच घरगुती मशीनच्या कागदावर ते असतं, आणि तेच मशीन धंद्यासाठी म्हणून विकलं जातं. सील, व्हॉल्व्ह, अनलोडर, होज हे सगळं ‘झिजणारे भाग’ म्हणून वगळलं असेल, तर उरते फक्त बॉडी आणि चाकं.

जोडण्यांमधली लबाडी छोटी, पण रोज त्रास देणारी. पितळ म्हणून जस्ताच्या मिश्रधातूचे मुलामा दिलेले कपलर देतात. चुंबकाने फरक कळत नाही, कारण दोन्हींना ते चिकटत नाही. फाइलने न दिसणाऱ्या जागी ओरखडा काढा: आत पिवळं असेल तर पितळ, राखाडी असेल तर जस्त. एम-२२ च्या जोडण्या दोन प्रकारच्या असतात, आतली पिन १४ मिलिमीटरची किंवा १५ ची. आटे दोन्हींचे जुळतात, पण पिन चुकीची असली तर ती गळते किंवा नीट बसतच नाही. होजवर छापलेला आकडा कामाचा दाब आहे की फुटण्याचा, हे विचारून घ्या. फुटण्याचा दाबच कामाचा म्हणून सांगितला जातो. इथे हयगय नको: बारीक छिद्रातून निघालेली धार कातडीत शिरली तर वरून जखम टोचल्यासारखी किरकोळ दिसते, पण ती शस्त्रक्रियेची तातडीची वेळ असते.

जुनं मशीन घेत असाल तर ते थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन एका ओढीत सुरू होतं आणि दोष झाकतं. पंपाचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरलं आहे. हेडखालच्या निचऱ्याच्या भोकांतून थेंब पडत असतील तर सील गेले आहेत. ताजा रंग आणि न चालणारा तास-मीटर ही जोडी एकत्र दिसली तर परत फिरा. झिजलेला पंप १५ ऐवजी ११ लिटर देतो, पण त्या मानाने लहान नोझल लावलं की गेज पूर्वीसारखंच दिसतं. ड्रमची परीक्षा इथे नव्या मशीनपेक्षाही जास्त गरजेची आहे.

मशीनसोबत ‘व्यवसायाचं पूर्ण पॅकेज’ विकणारे सर्वांत जास्त पैसे नेतात. प्रशिक्षण, कामं मिळवून देण्याची हमी, एका भागाचा एकाधिकार आणि कमाईचा तक्ता, हे सगळं एका आगाऊ रकमेत. तक्ता असा बनवलेला असतो: ५० सेंटिमीटरचा सरफेस क्लीनर (जमीन धुण्याची फिरत्या नोझलची डिस्क) सेकंदाला अर्धा मीटर ढकलला की तासाला ९०० चौरस मीटर. गुणाकार बरोबर आहे, पण त्या वेगाने काँक्रीट साफ होत नाही. सेकंदाला १५ सेंटिमीटर आणि पट्टे एकमेकांवर चढवून प्रत्यक्ष ३५ सेंटिमीटर रुंदी धरली तर तासाला १९० चौरस मीटरही होत नाहीत. केमिकल मारणं, कडा काढणं, होज ओढणं आणि शेवटचं धुणं धरलं तर निम्मेच उरतात. पॅकेजमधलं मशीन ८ लिटरचं असेल तर ५० सेंटिमीटरची डिस्क जमिनीवर पट्टे सोडते. तिला १५ लिटर लागतात, ८ लिटरला ३० सेंटिमीटर पुरे. पाण्याचा तर तक्त्यात उल्लेखच नसतो. १५ लिटरचं मशीन तासाला ९०० लिटर पाणी पितं आणि नळ १८ लिटर प्रति मिनिट देत नसेल तर पंप हवा ओढतो, होज थरथरतो आणि व्हॉल्व्ह खराब होतात. त्यासाठी लागणारी टाकी वेगळी घ्यावी लागते, हे आगाऊ रक्कम भरल्यावर कळतं.

‘गुप्त फॉर्म्युला’ म्हणून विकलं जाणारं केमिकल बहुधा सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) आणि थोडा साबण असतो. १२.५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट ऊन आणि उष्णतेत ताकद गमावतं, म्हणून तारीख नसलेला कॅन घेऊ नका. पंपानंतर बसणारा, केमिकल ओढून पाण्यात मिसळणारा इंजेक्टर ते साधारण दहापट पातळ करतो, भिंतीवर एक टक्काच पोहोचतं. छतावरच्या शेवाळासाठी ३ टक्के किंवा जास्त लागतं, त्याला वेगळा डायफ्राम पंप हवा. फोमची बाटली म्हणजे ‘सॉफ्ट वॉश किट’ (कमी दाबाने केमिकल मारण्याचं साधन) नव्हे. हे द्रावण मुख्य पंपातून कधीच नेऊ नका आणि ॲसिडच्या जवळ आणू नका, क्लोरीन वायू सुटतो.

मशीन घरी आल्यावर फसलो असं लक्षात आलं तर पंप उघडू नका. एकदा बोल्ट सैल झाला की दोष तुमच्यावर येतो. मोटर आणि पंपाच्या प्लेट, नोझलचा नंबर आणि जाहिरातीचा आकडा यांचे फोटो काढा. ड्रमची परीक्षा सलग, न कापलेल्या व्हिडिओत करा, ज्यात गेज, पाण्याची पातळी आणि घड्याळ एकत्र दिसेल. परतीची मुदत संपण्याआधी लेखी कळवा. ‘मशीन चांगलं नाही’ असं मोघम लिहू नका. ‘सांगितलेले १५ लिटर, मोजलेले ८ लिटर, १४० बारला, नोझल ०३’ असं लिहा. पैसे बँकेतून किंवा कार्डाने दिले असतील तर हाच कागद तिथेही द्या. दुरुस्तीसाठी मशीन परत मागितलं तर सिरीयल नंबर लिहिलेली सहीची पोच घेतल्याशिवाय ते हातातून सोडू नका.