अडॅप्टर बदलावा की जॅक?

आमच्या मालवणात खारा वारा कशालाच सोडत नाही. गेल्या पावसाळ्यात लॅपटॉपची पिन जरा हलली की चार्जिंग बंद, आणि जोडलेल्या स्पीकरमधून सतत घूंऽऽ आवाज. मला दोन सल्ले मिळाले: नवा अडॅप्टर (चार्जर) घे, नाहीतर आतला जॅक, म्हणजे चार्जरची पिन जिथे बसते ती जागा, बदल.

अडॅप्टर बदलणं सोपं, लॅपटॉप उघडावा लागत नाही. पण पैसे घालवण्याआधी अडॅप्टरच्या पिनला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. अडॅप्टरवर १९ व्होल्ट लिहिलंय आणि वायर वाकवतानाही आकडा तिथेच राहतोय, तर दोष बहुधा जॅकचा. नवा घेतलाच तर व्होल्ट तेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी नकोत.

जॅकचं काम किचकट. माझा उघडला तेव्हा आतल्या पत्तीवर हिरवट थर चढला होता, आणि सोल्डरिंगला (धातू वितळवून केलेल्या जोडाला) केसाएवढी चीर गेली होती. काही मॉडेलांत जॅक छोट्या वायरने जोडलेला असतो, तो पटकन निघतो. बोर्डावर सोल्डर केलेला असेल तर हात बसलेला कारागीरच गाठा. पिन सैल असून गरम होत असेल, तर चालढकल नको. बोर्ड जळू शकतो.

घूंऽऽ मात्र जॅक बदलूनही राहिला! तीन पिनांचा प्लग मी दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावत होतो, म्हणजे अर्थिंगच तुटलेलं. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या, त्या यामुळेच. नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटात प्लग लावला आणि दोन्ही थांबलं.